चर्चच्या स्मृतिफलकावरील पदकप्राप्त हवाई सैनिकांची ओळख कशी पटवावी

ब्रिटनमधील बहुतेक जुन्या पॅरिश चर्चमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील स्थानिक धर्मविभाग) दोन्ही महायुद्धांत प्राण गमावलेल्या स्थानिकांची नावे कोरलेला एक तरी फलक असतो. त्यातील बहुसंख्य नावे पायदळाची आणि नौदलाची असली, तरी एखाद-दुसऱ्या नावापुढे आर.एफ.सी. (रॉयल फ्लाइंग कोअर), आर.एन.ए.एस. (रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस), आर.ए.एफ. (रॉयल एअर फोर्स) किंवा आर.ए.एफ.व्ही.आर. (रॉयल एअर फोर्सचे व्हॉलंटियर रिझर्व्ह, म्हणजे स्वयंसेवक राखीव दल) अशी दलाची अक्षरे आणि त्यांच्या जोडीला डी.एफ.सी. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस), डी.एफ.एम. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल), ए.एफ.सी. (एअर फोर्स क्रॉस), एम.सी. (मिलिटरी क्रॉस) अशी पदकाची अक्षरे दिसतात. अशा व्यक्तीचा शोध घेऊ पाहणारा अभ्यासक बहुधा आडनावापासून सुरुवात करतो आणि त्याच नावाच्या दहाबारा माणसांत अडकून पडतो. वास्तविक आडनाव आणि आद्याक्षरे हा त्या ओळीतील सर्वांत दुबळा पुरावा होय. पदकाचे तसे नाही. कोणते पदक कोणत्या दलातील, कोणत्या हुद्द्याच्या आणि कोणत्या काळातील माणसाला मिळू शकत होते याचे नियम ठरलेले होते, आणि पदक दिल्याची घोषणा सर्वसाधारणपणे सरकारी राजपत्रात छापली जात असे. म्हणून शोध पदकापासून सुरू करावा आणि नावाकडे नंतर यावे, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे.

फलकाची नोंद

चर्चमध्ये काम सुरू करण्यापूर्वी तेथील व्हिकार (धर्मगुरू) किंवा चर्चवॉर्डन (चर्चची व्यवस्था पाहणारे पदाधिकारी) यांची परवानगी घ्यावी. त्या निमित्ताने चर्चच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या कागदांची माहितीही अनेकदा मिळते. पितळी फलक आपण होऊन घासू नये, दगडातील अक्षरांवर खडू फासू नये आणि कागद लावून ठसाही घेऊ नये. झिजलेली अक्षरे वाचण्याचा निर्धोक उपाय म्हणजे विजेरी फलकाच्या कडेजवळ धरून पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकणे. त्यामुळे खाचांमध्ये सावली पडते आणि समोरून न दिसणारा ठिपका किंवा नावापुढचा लहानसा 'बार' (तेच पदक पुन्हा मिळाल्याची खूण) हा शब्दही उठून दिसतो. प्रकाश एकदा डावीकडून आणि एकदा वरून टाकून दोन वेगळी छायाचित्रे घ्यावीत, कारण रोमन लिपीतील सी, जी आणि ओ ही अक्षरे झिजली की एकाच बाजूच्या प्रकाशात सारखीच दिसतात. डी.एस.सी. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस) आणि डी.एस.ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) यांतील फरक त्या एका अक्षराचा आहे, आणि त्या फरकामुळे माणूस नौदलातून थेट लष्करात किंवा हवाई दलात जाऊन बसू शकतो.

मजकूर उतरवताना फलकावर आहे तसाच उतरवावा. चूक उघड दिसत असली तरी ती दुरुस्त करू नये. स्वतःचे मत वेगळ्या रकान्यात लिहावे. नावांचा क्रम वर्णानुक्रमाने आहे, हुद्द्यानुसार आहे की मृत्यूच्या तारखेनुसार, हे पाहावे. तारखेनुसार असेल तर मागच्या-पुढच्या नावांवरून आपल्या माणसाचा मृत्यू कोणत्या महिन्यांच्या दरम्यान झाला असेल याचा अंदाज बांधता येतो. यादीच्या अखेरीस, क्रम मोडून आणि किंचित निराळ्या वळणाने कोरलेले नाव बहुधा मागाहून घातलेले असते. फलक केवळ मृतांचा आहे की सेवेत गेलेल्या सर्वांचा, हेही तपासणे आवश्यक आहे. काही चर्चमध्ये सेवेत गेलेल्या सर्वांची यादी लावलेली असते आणि मृतांच्या नावापुढे फक्त एक छोटा क्रूस असतो. हा क्रूस नजरेतून सुटला तर सुखरूप परतलेल्या माणसाला आपण युद्धसमाध्यांच्या यादीत शोधत बसू.

मुख्य फलकाखेरीज इमारतीत इतरत्रही पाहावे. पदकप्राप्त अधिकाऱ्याच्या घरच्यांनी रंगीत काचेची खिडकी, स्वतंत्र पितळी पट्टी, प्रार्थनेचे मेज किंवा घंटा अर्पण केलेली असते, आणि मुख्य फलकावर ज्याची केवळ आद्याक्षरे आहेत त्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि कधी कधी स्क्वाड्रनचा क्रमांकही तेथे मिळून जातो.

पदकाच्या अक्षरांचे नियम

रॉयल फ्लाइंग कोअर १३ एप्रिल १९१२ रोजी स्थापन झाले आणि ते लष्कराचाच एक भाग होते. नौदलाची स्वतंत्र हवाई शाखा, म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस, १ जुलै १९१४ रोजी औपचारिकपणे अस्तित्वात आली. ही दोन्ही दले एकत्र करून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्सची निर्मिती झाली, आणि या नव्या दलासाठी ३ जून १९१८ रोजी चार पदके सुरू करण्यात आली: डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, एअर फोर्स क्रॉस आणि एअर फोर्स मेडल. याचा अर्थ असा, की १९१८ च्या उन्हाळ्यापूर्वी मरण पावलेल्या माणसाच्या नावापुढे डी.एफ.सी. असेल तर कोठेतरी घोटाळा आहे. त्या काळातील हवाई सैनिकांना लष्कराची किंवा नौदलाचीच पदके मिळत. नॉटिंगहॅमचा प्रसिद्ध लढाऊ वैमानिक अल्बर्ट बॉल ७ मे १९१७ रोजी मारला गेला. त्याच्या नावापुढे व्ही.सी. (व्हिक्टोरिया क्रॉस), दोन बारसह डी.एस.ओ. आणि एम.सी. आहे, परंतु डी.एफ.सी. नाही, कारण ते पदक तेव्हा जन्मालाच आलेले नव्हते.

चार पदकांमधील विभागणी दोन अंगांनी होती. क्रॉस हे अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर (अधिकाऱ्यांच्या लगेच खालचा हुद्दा) यांच्यासाठी, तर मेडल हे त्यांच्याखालच्या हुद्द्यांसाठी. 'फ्लाइंग' हा शब्द असलेली पदके शत्रूविरुद्धच्या प्रत्यक्ष उड्डाणांतील शौर्यासाठी, तर 'एअर फोर्स' हे शब्द असलेली पदके शत्रूशी प्रत्यक्ष गाठ न पडलेल्या उड्डाणसेवेसाठी दिली जात. त्यामुळे ए.एफ.सी. दिसल्यास प्रशिक्षक, चाचणी वैमानिक किंवा हवाई वाहतुकीतील अधिकारी यांचा विचार आधी करावा. क्रॉस आणि मेडल यांतील हुद्द्याचा भेद १९९३ मध्ये संपुष्टात आला, परंतु दोन्ही महायुद्धांना तो पुरेपूर लागू होता, आणि शोधकाच्या दृष्टीने तो मोठाच उपकारक आहे.

सार्जंटच्या नावापुढे डी.एफ.सी. कोरलेले असेल, तर एक तर पदक चुकीचे आहे किंवा हुद्दा जुना आहे. उलट पायलट ऑफिसर किंवा फ्लाइट लेफ्टनंट यांच्या नावापुढे डी.एफ.एम. असेल, तर त्यात चूक काहीच नाही. तो माणूस पदक मिळाले तेव्हा सार्जंट किंवा फ्लाइट सार्जंट होता आणि पुढे त्याला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. एकाच नावापुढे डी.एफ.सी. आणि डी.एफ.एम. अशी दोन्ही पदके दिसली, तर मोहिमांचा एक पूर्ण टप्पा कनिष्ठ हुद्द्यावर पार करून दुसऱ्या टप्प्यात अधिकारी म्हणून उतरलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, पहिला टप्पा साधारणपणे ३० मोहिमांचा असे. त्या कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाण कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मरण पावले, हे लक्षात घेतले म्हणजे दोन टप्पे करणारी माणसे किती थोडी असतील याची कल्पना येते.

पदक जितके दुर्मीळ, तितका शोध सोपा. दुसऱ्या महायुद्धात डी.एफ.सी. २०,००० हून अधिक दिली गेली, तर डी.एफ.एम. साडेसहा हजारांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात मात्र डी.एफ.सी. सुमारे ११०० आणि डी.एफ.एम. जेमतेम शंभराच्या घरात होती. १९४२ च्या अखेरीस हवाई दलाच्या कनिष्ठ हुद्द्यांसाठी सुरू झालेले कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल याहूनही विरळा. सी.जी.एम. ही अक्षरे हवाई दलातील माणसाच्या नावापुढे दिसली, तर सबंध यादी एका बैठकीत वाचून काढता येते आणि ओळख त्याच दिवशी पटते.

काही अक्षरे फसवी आहेत. ए.एफ.सी. म्हणजे एअर फोर्स क्रॉस, तसेच पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअर हे दलही. ही अक्षरे फलकावर पदकाच्या जागी आहेत की दलाच्या, हे इतर ओळींच्या मांडणीवरून ठरवावे लागते. अमेरिकेचेही डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस नावाचे पदक आहे. ते १९२६ पासूनचे. नौदलाच्या फ्लीट एअर आर्ममधील वैमानिकांना बहुधा डी.एस.सी. आणि कनिष्ठ हुद्द्यांना डी.एस.एम. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) मिळे, त्यामुळे अशा माणसाला हवाई दलाच्या यादीत शोधून उपयोग नाही. एअर क्रू युरोप स्टार किंवा १९३९-४५ स्टार ही पदके मोहिमेत भाग घेतल्याबद्दल मिळत. ती शौर्यपदके नव्हेत आणि त्यांची व्यक्तिगत घोषणा राजपत्रात होत नसे. घरात पेटीत पदके होती म्हणून 'आमचे आजोबा सन्मानित होते' असे सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा याच पदकांविषयी बोलणे चाललेले असते.

हुद्द्याच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. रॉयल एअर फोर्सने स्वतःचे हुद्दे ऑगस्ट १९१९ मध्ये स्वीकारले; तोपर्यंत तेथे लष्कराचेच हुद्दे चालत. म्हणून 'कॅप्टन, आर.ए.एफ.' ही ओळ विचित्र वाटली तरी १९१८-१९ च्या माणसासाठी ती अगदी बरोबर आहे. याउलट 'फ्लाइट लेफ्टनंट' हा हुद्दा रॉयल नेव्हल एअर सर्व्हिसमध्ये आधीपासूनच होता, त्यामुळे केवळ त्या हुद्द्यावरून दुसरे महायुद्ध गृहीत धरू नये.

मृत्यूनंतर छापलेली पदके

या विषयात सर्वाधिक गोंधळ मरणोत्तर पदकांविषयी आहे, आणि तो स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांतून वर्षानुवर्षे तसाच पुढे चालत आलेला आहे. १९७९ पूर्वी डी.एफ.सी., डी.एफ.एम., डी.एस.ओ., एम.सी. ही पदके मरणोत्तर देताच येत नसत. मृत्यूनंतर केवळ व्हिक्टोरिया क्रॉस, पुढे १९४० पासून जॉर्ज क्रॉस, आणि युद्धवृत्तातील गौरवपूर्ण उल्लेख एवढेच शक्य होते. तरीही असंख्य फलकांवर अशा माणसांच्या नावापुढे डी.एफ.सी. आहे, ज्यांच्या पदकाची घोषणा त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक आठवड्यांनी छापली गेली. यात विरोधाभास नाही. शिफारस तो माणूस जिवंत असताना झालेली असे, मंजुरीला आणि छपाईला वेळ लागे, आणि दरम्यान तो मारला जाई. १९४३ नंतरच्या याद्यांत तर नावापुढे 'त्यानंतर बेपत्ता' किंवा 'त्यानंतर मृत' अशा अर्थाची टीप, किंवा पदक अमुक तारखेपासून लागू असल्याचा उल्लेख वारंवार आढळतो. ती तारीख मृत्यूच्या आधीचीच असते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे कोलकात्यात जन्मलेले आणि लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेले लेफ्टनंट इंद्रलाल रॉय. ४० व्या स्क्वाड्रनमधील हा एकोणीस वर्षांचा वैमानिक २२ जुलै १९१८ रोजी मारला गेला आणि त्याच्या डी.एफ.सी.ची घोषणा २१ सप्टेंबर १९१८ रोजी झाली. त्याच आठवड्यात, २६ जुलै रोजी, मेजर एडवर्ड मॅनॉक मारले गेले, त्यांच्या डी.एस.ओ.च्या घोषणा मृत्यूनंतर छापल्या गेल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा तर थेट १८ जुलै १९१९ रोजी झाली. यांपैकी केवळ व्हिक्टोरिया क्रॉसला खऱ्या अर्थाने मरणोत्तर म्हणता येईल.

यावरून दोन व्यावहारिक सूचना निघतात. राजपत्रात शोध घेताना मृत्यूची तारीख ही शेवटची मर्यादा मानू नये; त्यापुढचे निदान एक वर्ष तरी पाहावे, आणि १९४५ च्या याद्यांसाठी तर १९४६ सालही. दुसरी सूचना अशी, की आपल्या टिपणात 'मरणोत्तर डी.एफ.सी.' असे कधीही लिहू नये. 'घोषणा मृत्यूनंतर' असे लिहावे. दोन्ही वाक्यांतला फरक किरकोळ नाही, कारण पहिले वाक्य असे सुचवते की ज्या मोहिमेत तो मारला गेला त्याच मोहिमेसाठी पदक मिळाले, आणि ते जवळजवळ नेहमीच खोटे असते.

राजपत्र आणि सेवा क्रमांकांची साखळी

लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राचे सर्व जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यांचा मजकूर यंत्राने वाचून घेतलेला असल्यामुळे शोधयंत्रावर फार विसंबू नये. बारीक छापाच्या तीन रकान्यांत आडनावाचे एखादे अक्षर हमखास बिघडलेले असते. आडनावाने काही सापडले नाही, तर सेवा क्रमांकाने शोधावे. तोही निष्फळ ठरला, तर पदकाचे नाव आणि तारखांची मर्यादा देऊन त्या काळातील पुरवण्या एकेक करून डोळ्यांखालून घालाव्यात. पुरवणीवर मूळ अंकाची आणि प्रत्यक्ष प्रकाशनाची अशा दोन तारखा असतात; टिपणात दोन्ही तारखा, अंक क्रमांक आणि पृष्ठ क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे एकच पदक दोन तारखांनी दोनदा मोजले जात नाही.

दुसऱ्या महायुद्धातील पदक दोन प्रकारे मिळे. विशिष्ट कृत्यासाठी ताबडतोब दिलेल्या पदकासोबत बहुधा प्रशस्ती छापलेली असते. मोहिमांचा टप्पा पूर्ण केल्याबद्दल किंवा दीर्घकाळच्या सेवेबद्दल दिलेल्या पदकांच्या याद्यांत मात्र पुष्कळदा नुसते नाव, हुद्दा, क्रमांक आणि स्क्वाड्रन एवढेच असते, आणि युद्धाच्या सुरुवातीच्या काळात तर गुप्ततेपोटी स्क्वाड्रनचा क्रमांकही गाळलेला असे. प्रशस्ती नाही म्हणून निराश होऊ नये. तिचा मूळ मसुदा, म्हणजे शिफारशीचा कागद, लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २' या मालिकेत मिळण्याची शक्यता असते, आणि त्यावर अनेकदा मोहिमांची संख्या व उड्डाणाचे तासही नोंदलेले असतात.

आता खरी कसोटीची पायरी. समजा, फलकावर 'जे. स्मिथ, डी.एफ.एम., आर.ए.एफ.व्ही.आर.' एवढेच कोरलेले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत या वर्णनाचे एकाहून अधिक अधिकारी निघू शकतात, आणि तेथे दिलेला सेवा क्रमांक अधिकाऱ्याचा असतो. डी.एफ.एम.च्या घोषणेत मात्र कनिष्ठ हुद्द्यावरचा जुना क्रमांक छापलेला असतो, कारण कमिशन मिळताना क्रमांक बदलत असे. दोन्ही क्रमांकांना जोडणारा दुवा राजपत्रातच, पण पदकांच्या यादीत नव्हे, तर नेमणुकांच्या यादीत असतो. तेथे कमिशन मिळालेल्या सार्जंटचा जुना क्रमांक नावाच्या आधी आणि नवा क्रमांक नावाच्या नंतर कंसात छापलेला आढळतो. हे तीन कागद, म्हणजे पदकाची घोषणा, नेमणुकीची घोषणा आणि समाधीची नोंद, क्रमांकांनी एकमेकांत गुंतले, की स्मिथ हे कितीही सामान्य आडनाव असले तरी शंकेला जागा उरत नाही. नावांच्या साम्यावर आधारलेले दहा पुरावे एकत्र केले तरी या एका साखळीची बरोबरी होत नाही.

सेवा क्रमांक आणखीही काही सांगतो. क्रमांकांचे गट भरती केंद्रांना आणि दलांना वाटून दिलेले असत. उदाहरणार्थ, ७४ किंवा ७५ ने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक युद्धापूर्वी व्हॉलंटियर रिझर्व्हमध्ये दाखल झालेल्या माणसाकडे निर्देश करतो. कॅनडाच्या हवाई दलात अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी बहुधा जे आणि कनिष्ठ हुद्द्यांच्या क्रमांकाआधी आर हे अक्षर असे. इंग्लंडमधल्या चर्चच्या फलकावर असलेला माणूस कॅनडाच्या दलात निघाला, तर आश्चर्य मानू नये. तो लहानपणी आईवडिलांबरोबर तिकडे गेलेला असू शकतो, किंवा त्याची पत्नी या पॅरिशमधील असू शकते. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत, रॉयल नेव्हल एअर सर्व्हिसची स्क्वाड्रन एप्रिल १९१८ मध्ये नव्या दलात आली तेव्हा तिच्या क्रमांकात २०० मिळवण्यात आले. नेव्हल १ ची २०१ झाली. हे ठाऊक नसेल तर एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांच्या वाटतात.

हा माणूस याच चर्चच्या फलकावर का?

पदक जुळले, क्रमांक जुळला, तरी हा माणूस या पॅरिशचा होता हे वेगळे सिद्ध करावे लागते. युद्धसमाधी आयोगाची स्थापना २१ मे १९१७ रोजी झाली. त्याच्या नोंदींत पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा कालखंड धरलेला आहे. नोंदीच्या 'अधिक माहिती' या भागात अनेकदा आईवडिलांची नावे आणि गाव असते. मात्र ते गाव म्हणजे युद्धानंतर आयोगाने पत्रव्यवहार केला तेव्हाचा पत्ता होय. माणूस वाढला ते गाव नव्हे. ज्याचा मृतदेह सापडलाच नाही, त्याचे नाव पहिल्या युद्धासाठी बहुधा फ्रान्समधील अरास येथील फ्लाइंग सर्व्हिसेस स्मारकावर, तर दुसऱ्या युद्धासाठी १९५३ मध्ये उद्‌घाटन झालेल्या आणि २०,००० हून अधिक नावे असलेल्या रनीमीड स्मारकावर असते.

पॅरिशशी संबंध दाखवण्यासाठी १९११ आणि १९२१ च्या जनगणना उपयोगी पडतात. इंग्लंड आणि वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही, त्यामुळे दुसऱ्या युद्धातील तरुणांसाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी तयार झालेली नागरिक नोंदवही हाच मुख्य आधार उरतो. जो तोवर सैन्यात दाखल होऊन छावणीत गेला होता तो तिच्यात सापडणार नाही. त्याचे आईवडील मात्र सापडतील, आणि तेवढे पुष्कळदा पुरते. १९४० ते १९४४ या काळात मतदार याद्या निघाल्याच नाहीत, तेव्हा त्यांच्या शोधात वेळ घालवू नये. याउलट इंग्लंड आणि वेल्सच्या प्रोबेट नोंदी (मृताच्या मालमत्तेच्या कायदेशीर निवाड्याच्या नोंदी) अवश्य पाहाव्यात: त्यांत पत्ता, मृत्यूची तारीख आणि वारसाचे नाव एकाच ओळीत मिळते.

या सर्वांपेक्षा अधिक जिव्हाळ्याची माहिती चर्चच्या स्वतःच्या कागदांत असते. पॅरिशचे मासिक, बाप्तिस्म्याची नोंदवही, गायकवृंदाच्या याद्या आणि फलक उभारताना झालेल्या समितीच्या बैठकांची इतिवृत्ते बहुधा जिल्हा अभिलेखागारात ठेवलेली असतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत फलक लावण्यासाठी धर्मप्रांताची लेखी परवानगी, जिला फॅकल्टी म्हणतात, घ्यावी लागते. तिच्या कागदांत कधी कधी मंजूर नावांची मूळ यादी जोडलेली असते. ती यादी आणि दगडावरील मजकूर यांत फरक दिसला, तर चूक कोरणाऱ्याची आहे की समितीची, याचा निकाल तेथेच लागतो. स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्याही वाचाव्यात. पदक जाहीर झाले की हवाई मंत्रालय वृत्तपत्रांना त्या व्यक्तीचे जन्मस्थान, घर आणि युद्धापूर्वीचा व्यवसाय कळवत असे, आणि राजपत्रात नसलेली ही माहिती गावच्या साप्ताहिकात छापून येई.

स्क्वाड्रनची दैनंदिनी आणि इतर कागद

ओळख पटल्यावर तपशील भरण्यासाठी क्यू येथील अभिलेखागाराकडे वळावे. पहिल्या युद्धातील हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी 'एअर ७६' मध्ये आणि इतर हुद्द्यांच्या 'एअर ७९' मध्ये आहेत. जो माणूस एप्रिल १९१८ पूर्वीच मारला गेला, त्याचे कागद बहुधा लष्कराच्या किंवा नौदलाच्या मालिकांत असतात. हेंडन येथील आर.ए.एफ. संग्रहालयाने फ्लाइंग कोअरच्या अधिकाऱ्यांचे हानी-नोंदपत्रक इंटरनेटवर उपलब्ध केले आहे. त्यात जखमा, अपघात आणि बदल्या तारखेनिशी मिळतात. रॉयल एअरो क्लबच्या वैमानिक प्रमाणपत्रांची पत्रेही उपयुक्त आहेत, कारण त्यांपैकी अनेकांसोबत छायाचित्र जोडलेले असते.

दुसऱ्या युद्धासाठी 'एअर २७' ही मालिका, म्हणजे स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, अत्यंत समृद्ध आहे. तिच्यात दोन प्रकारची पाने असतात: नमुना ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, तर नमुना ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची, त्यातील प्रत्येक माणसाची आणि त्या रात्रीच्या लक्ष्याची नोंद. लँकॅस्टर विमानात सात जण असत. आपल्या माणसाबरोबर त्याच सहा जणांची नावे आठवड्यामागून आठवडे येताना दिसली, की तो कोणत्या चमूतला हे कळते, आणि त्या सहांपैकी कोणाच्या प्रशस्तीत आपल्या माणसाच्या मोहिमेचे वर्णन मिळून जाते. येथे एक सावधगिरी बाळगावी. ज्या स्क्वाड्रनमध्ये तो मरण पावला तीच त्याला पदक मिळवून देणारी असेल असे नाही. पहिला टप्पा एका स्क्वाड्रनमध्ये, मग काही महिने प्रशिक्षक म्हणून, आणि दुसरा टप्पा भलत्याच ठिकाणी, हा क्रम नेहमीचा होता. बॉम्बर कमांडच्या मृतांसाठी लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राची हानी-सूची प्रथम पाहावी. ५८,००० च्या आसपास नावांची ही सूची विनामूल्य आहे आणि तिने पुढची वाट बरीच सोपी होते.

घरच्यांकडे छायाचित्र असेल तर भिंगाखाली डाव्या छातीवरची फीत पाहावी. डी.एफ.सी. आणि डी.एफ.एम. यांच्या फितींवर १९१९ पासून तिरपे पट्टे आहेत; डी.एफ.एम.चे पट्टे अधिक अरुंद. मात्र ए.एफ.सी.चेही पट्टे तिरपेच असतात, आणि जांभळा व लाल यांतला भेद कृष्णधवल छायाचित्रात कळत नाही, म्हणून केवळ फितीवरून निर्णय घेऊ नये. फितीवर बारीक रुपेरी फूल असेल तर त्या पदकाला बार मिळालेला आहे. दोन पंखांचे चिन्ह वैमानिकाचे. एकच पंख असेल तर त्याच्या मुळाशी असलेले अक्षर वाचावे. ए.जी. म्हणजे एअर गनर, एन म्हणजे नॅव्हिगेटर, ओ म्हणजे ऑब्झर्व्हर. प्रत्यक्ष पदक हाती आले तर डी.एफ.एम.च्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला सापडेल. दुसऱ्या युद्धातील डी.एफ.सी.वर मागे फक्त वर्ष असते, त्यामुळे ते कोणाचे हे पदक स्वतः सांगत नाही.

पुरावे जुळले नाहीत तर

फलकावर पदक आहे पण राजपत्रात घोषणा नाही, असे झाले तर क्रमाने तीन शक्यता तपासाव्यात: परकीय पदक, जसे फ्रान्स किंवा बेल्जियमचे क्रॉय द गेर, युद्धवृत्तातील उल्लेखाला कुटुंबाने पदक समजणे, आणि कोरणाऱ्याची चूक. उलट राजपत्रात पदक आहे आणि फलकावर नाही, हे तर फारच सामान्य आहे. काही समित्यांनी मृत्यूपुढे सर्व समान या भूमिकेतून हुद्दे आणि पदके मुद्दाम गाळली, तेव्हा त्याला चूक मानू नये. दोन उमेदवारांपैकी एक निश्चितपणे निवडता येत नसेल, तर दोन्ही नावे आणि प्रत्येकाच्या बाजूचे पुरावे लिहून काम तेथेच थांबवावे. अंदाजाने निवडलेले नाव एकदा पुस्तिकेत छापले गेले, की पुढच्या लेखकाला तोच पुरावा वाटू लागतो.

फलकावरील मजकुरात बदल करायचा असेल, तर चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत त्यासाठीही फॅकल्टी लागते, आणि अर्जासोबत राजपत्राचा अंक क्रमांक, युद्धसमाधी आयोगाची नोंद व पॅरिशशी संबंध दाखवणारा एक तरी समकालीन कागद जोडलेला बरा. फलकाची डागडुजी किंवा सफाई करायची असल्यास वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था मार्गदर्शन करते. दगडाला हात न लावताही दुरुस्ती नोंदवता येते. इंपीरियल वॉर म्युझियमच्या युद्धस्मारक नोंदवहीत त्या फलकाचे पान आहे का ते पाहावे, आणि आपली पडताळलेली माहिती पुराव्यांसह त्यांना पाठवावी. टिपणाची एक छापील प्रत चर्चवॉर्डनकडे आणि एक जिल्हा अभिलेखागारात द्यावी. वंशज हयात असतील तर त्यांचे पत्ते आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या घरगुती गोष्टी या प्रतींमधून वगळाव्यात.